दोन नंबरची लाईन

सुश्रुत : हात नका लावू. झाकण उघडं आहे, आत बॅटरी आहे.

प्रज्ञा : मी कुठं हात लावते. कागद बघत होते. हे सगळं फोनचं मशीनच छापतं?

सुश्रुत : प्रत्येक फोन छापतं. कुणाला आला, कधी आला, किती मिनिटं चालला. तुम्ही वाचत नाही कधी?

प्रज्ञा : देवश्रीताई म्हणाल्या फाईलला लावत जा. मी फाईलला लावत जाते.

सुश्रुत : मॅडम, एक विचारू? सकाळी सातला तुम्ही मला फोन केलात, मशीन बिघडलंय म्हणून. मी नगरहून इथं भिंगारला स्कूटर हाणत आलो, चहासुद्धा घेतला नाही. मशीन तर ठणठणीत आहे.

प्रज्ञा : बिघडलेलं निघालं असतं तर बरं झालं असतं.

सुश्रुत : हे नवीनच ऐकतोय.

प्रज्ञा : काल इथं मागच्या गेटवर काय झालं, तुमच्या कानावर आलं असेल.

सुश्रुत : कोपऱ्यावरचा टपरीवाला काहीतरी सांगत होता. कोयता वगैरे.

प्रज्ञा : वगैरे नाही. कोयताच. ऊसतोडीचा. माझी थोरली बहीण वृषाली चार महिने झाले या आधारगृहात आहे. काल तिची कोर्टात तारीख होती. पावणेदहाला मागच्या गेटला रिक्षा लावली. केशरबाई तिला धरून बाहेर निघाल्या. केशरबाई म्हणजे आमच्या स्वयंपाकीण, तुम्हाला मागच्या वेळी पोहे दिले होते त्या. खांबाआड तो उभाच होता, तोंडाला पंचा बांधून. आक्काच्या मानेवर घाव घातला. केशरबाईंनी हात मध्ये घातला.

सुश्रुत : अरेरे.

प्रज्ञा : बत्तीस टाके. दोन बोटं गेली. मातीत पडली होती. मीच उचलली, रुमालात बांधून सिव्हिलला नेली. डॉक्टर म्हणाले, आता ही ठेवून काय करणार. माझ्या पर्सला अजून वास येतोय, साहेब.

सुश्रुत : कोण होता तो?

प्रज्ञा : बन्सी. आक्काचा नवरा, माझा दाजी. पण तोंड कुणी पाहिलं नाही. आक्का म्हणते, त्याचा हात मी अंधारातसुद्धा ओळखीन. फौजदार म्हणाले, हात ओळखून चालत नाही. आणि त्याचे चुलतभाऊ शपथेवर सांगायला तयार आहेत की तो दिवसभर राहात्याला होता.

सुश्रुत : वाईट झालं. पण यात मी काय करणार? मी मशीनचा माणूस.

प्रज्ञा : ऐका तरी. मागचं गेट, पावणेदहा, रिक्षा, हे आधीपासून तिघींनाच ठाऊक होतं; आक्काला, केशरबाईंना, रिक्षावाल्याला ऐन वेळी सांगितलं. देवश्रीताई, ज्यांनी हे घर काढलं. आमच्या वकीलबाई. आणि मी. आदल्या दिवशी वकीलबाईंशी फोनवर ठरवलं ते मीच. त्या दोघी सांगणार नाहीत. मग उरलं कोण?

सुश्रुत : हं.

प्रज्ञा : आणि मी त्याची मेहुणी. काल रात्रीपासून या घरातल्या बायका माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आज चारला ताई येणार आहेत. मला या खुर्चीवरून उठवणार. उठवू देत. पण आक्काला दुसरीकडं हलवणार, आणि कुठं हलवायचं ते याच फोनवर ठरणार. मी नाही सांगितलं त्याला, साहेब. मी नाही, तर मग दुसरं कुणीतरी ऐकतंय. चारच्या आत मला ते पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी मध्ये घालायला केशरबाईंचा हात नसेल.

सुश्रुत : द्या तो कागद इकडं. फाईलसुद्धा द्या. सगळी.

प्रज्ञा : ही घ्या.

सुश्रुत : हे बघा. दोन नंबरची लाईन. नऊ एकतीसला बाहेरून फोन आला. चौदा मिनिटं. कुणी घेतला?

प्रज्ञा : दोन नंबर वाजतच नाही. तो ताईंसाठी आहे. सहानंतर मी घरी जाते, मग ताई नगरहून त्या लाईनीवरून थेट खोल्यांत फोन लावतात.

सुश्रुत : माहितीये, मीच तसं लावून दिलं. बाहेरून फोन आला की मशीन घंटी न वाजवता स्वतःच उचलतं. मग चार आकडे दाबायचे. ते जुळले, की बाहेरचा माणूस ताईंच्या खुर्चीत बसल्यासारखा. कुठल्याही खोलीशी बोलता येतं. चालू असलेलं बोलणंही ऐकता येतं. ताईंनीच मागून घेतलं होतं, बायकांना फोनवर कुणी धमकावतंय का ते कळावं म्हणून.

प्रज्ञा : हो.

सुश्रुत : परवा नऊ एकतीस. त्याच्या आदल्या दिवशी नऊ तेहतीस. त्याच्या आधी... मॅडम, हे अकरा दिवस चाललंय. ताई सकाळी साडेनऊला फोन करतात का?

प्रज्ञा : साडेनऊला मी वकीलबाईंना लावते. रोज.

सुश्रुत : मग तुम्ही बोलत असताना हा दिवा लागत असणार. हा लाल. दोन नंबरचा.

प्रज्ञा : लागायचा.

सुश्रुत : लागायचा? आणि तुम्ही बघत होतात?

प्रज्ञा : रोज. मला वाटायचं ताई ऐकताहेत.

सुश्रुत : आणि कधी विचारलं नाहीत?

प्रज्ञा : काय विचारू? ताई, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता का? त्यांनी नोकरी दिली, आक्काला ठेवून घेतलं. म्हटलं ऐकतात तर ऐकू दे. उलट मी जास्त नीट बोलायचे. सगळं सविस्तर. वेळ, जागा, रिक्षावाल्याचं नावसुद्धा. ताईंना कळावं, मी काम चोख करते म्हणून.

सुश्रुत : बसा तुम्ही. खाली बसा.

प्रज्ञा : मी बरी आहे.

सुश्रुत : लाईनीचा नंबर मिळवणं अवघड नाही, एक नंबरच्या पुढचाच आकडा आहे. पण परवलीचे चार आकडे? कंपनीचा एक-दोन-तीन-चार मी बदलायला सांगितला होता.

प्रज्ञा : बदलला मी. तुम्ही गेलात त्याच दिवशी.

सुश्रुत : काय ठेवला?

प्रज्ञा : तुम्हीच म्हणालात, लक्षात राहील असा, जवळचा काहीतरी ठेवा.

सुश्रुत : असं म्हणालो मी?

प्रज्ञा : पोहे खाता खाता.

सुश्रुत : काय ठेवला, मॅडम?

प्रज्ञा : एकोणीसशे छप्पन.

सुश्रुत : कुणाचं जन्मसाल?

प्रज्ञा : आमच्या सगळ्यांचंच म्हणा. माझे आजोबा, सोपानबाबा, त्या साली नागपूरला गेले होते दीक्षेला. येताना एक लोखंडी ट्रंक घेतली आणि तिच्यावर पेंटरकडून साल काढून घेतलं. पिवळ्या रंगात, हे एवढं. आमच्या घरात काही चांगलं करायचं म्हटलं की तोच आकडा. सायकलच्या कुलपाला तोच. माझ्या भावानं दुकानाच्या पाटीवर तोच टाकलाय.

सुश्रुत : ती ट्रंक कुठं आहे?

प्रज्ञा : आक्काच्या लग्नात दिली. दाजींनी मांडवातून स्वतःच्या खांद्यावर नेली. सगळे म्हणाले, केवढा साधा जावई.

सुश्रुत : म्हणजे त्याच्या घरात आहे.

प्रज्ञा : आक्काच्या कपाळावर तिचाच कोपरा उठलाय, साहेब. केस धरून तिच्यावर डोकं आपटलं होतं त्यानं. रंग उडाला म्हणून नंतर पुन्हा मारलं.

सुश्रुत : आणि त्याला या मशीनमधलं कळतं?

प्रज्ञा : एका कारखान्यात वायरमन होता. तिथल्या फोनच्या बोर्डावर पाच वर्षं.

सुश्रुत : झालं तर मग. त्याला काही फोडावंसुद्धा लागलं नाही. मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. मीच ते... जाऊ द्या. सरका, बंद करतो दोन नंबर. किती वाजले?

प्रज्ञा : नऊ एकोणतीस.

सुश्रुत : एका मिनिटाचं काम आहे.

प्रज्ञा : थांबा.

सुश्रुत : थांबा काय?

प्रज्ञा : बंद केलं तर ताईंना मी काय दाखवणार? कागदावर फक्त वेळ आहे, त्यावर बन्सीचं नाव नाही. ताई म्हणतील, आकडा तूच दिला असशील त्याला. होल्डवर ठेवल्यावर बासरी वाजते ती कॅसेट कुठं असते?

सुश्रुत : खाली, या टेपमध्ये. का?

प्रज्ञा : त्यात आवाज भरता येतो?

सुश्रुत : वायर फिरवली तर येईल. नको, मॅडम. हे पोलिसांचं काम आहे.

प्रज्ञा : पोलिसांना तोंड पाहिजे. मी तोंड देते.

(लाल दिवा लागतो. घंटी वाजत नाही.)

सुश्रुत : आला. आत आलाय तो. हळू... नाही, तसं काही नाही, तुम्ही फोन उचलल्याशिवाय त्याला खोलीतलं ऐकू जाणार नाही. मला अर्धं मिनिट द्या. ही वायर इथं. हे बटण दाबलेलं राहू दे. माझ्याकडं बघू नका, बोलत राहा. उचला.

प्रज्ञा : हॅलो. दाजी. तुमीच हायेत ना? रोज नुसतं ऐकता. आज बोला की.

बन्सी : हुशार झाली गं, प्रज्ञे.

प्रज्ञा : उशिरा झाले. दिवा लागतो हितं, मला आत्ता कळलं.

बन्सी : अकरा दिस लागतोय. माझी बाय, तू लई गोड बोलती त्या वकिलीनबाईसंगं. मला तर सवयच लागली. भाकरी खाल्ल्याबिगर ऱ्हाईन, पन तुझा आवाज ऐकल्याबिगर न्हाई.

प्रज्ञा : दाजी, मला हितनं काढायला निघालेत. म्हनत्यात मीच तुमाला सांगितलं. तुमी तरी सांगा त्यांना.

बन्सी : मी सांगू? चांगलं झालं की. येका कोयत्यात दोगी गेल्या.

प्रज्ञा : म्हंजे काल तुमीच हुता.

बन्सी : मग काय तुझा बा हुता? त्या सैपाकिनीचं मला काय करायचं हुतं? मी मान धरली हुती. नीट धरली हुती. ती मधी आली ढोरावानी. तुटली का?

प्रज्ञा : दोन बोटं.

बन्सी : तेवढीच? धार गेली मग. काल लावली परत.

प्रज्ञा : दाजी, तुमाला आकडा कुनी दिला? मी तर कुनालाच सांगितला न्हाई.

बन्सी : कुनी कशाला द्यायला पायजे? तुमच्या घरात आकडं हायेत किती? ट्रंक हाय ना माझ्या घरात. रोज तिच्यावर ताट ठेवून जेवतो. पैल्या दणक्यात उघडलं, एकोनीसशे छप्पन. मला हसूच आलं. म्हनलं, आज्यानं दार उघडंच ठिवलंय जावयासाठी.

प्रज्ञा : आज्याचं नाव नका घेऊ.

बन्सी : का? खांद्यावर न्हेलाय मी तुझा आज्या. वृषालीचं टकुरं लागलं की कसा वाजतो, ऐकलाय का? खण्णकन.

प्रज्ञा : दाजी.

बन्सी : आता ऐक. तिला गेटवर पाठव. पाच मिन्टं. समजावून पाठव न्हाईतर ढकलून पाठव. तिला न्हेतो, तुला काई करत न्हाई. न्हाई आली, तर मी आत येतो, मग बोटावर भागनार न्हाई. तुझी भी मान बघून ठिवलीय मी.

प्रज्ञा : बरं झालं बोललात, दाजी. समदं टेपवर आलंय. मान, बोटं, कोयता, आकडा. तुमच्याच तोंडानं.

बन्सी : काय?

प्रज्ञा : टेपवर. फिरतंय बगा अजून.

बन्सी : आसं व्हय. समोर बग, प्रज्ञे. खिडकीतनं. पिवळा बूथ दिसतो का? मी हितंच हाय.

सुश्रुत : ठेवला त्यानं. मॅडम, हे सांगायची काय गरज होती?

प्रज्ञा : राहवलं नाही. तो आजोबांना... राहवलं नाही मला.

सुश्रुत : मिळालं होतं आपल्याला सगळं. मुकाट्यानं ठेवायचा फोन, कॅसेट घेऊन ठाण्यावर जायचं.

प्रज्ञा : चुकलं माझं. शंभर लावा.

सुश्रुत : लावतोय. गेटला कुलूप आहे ना?

प्रज्ञा : कालपासून साखळी पण आहे. साहेब, तो निघाला बूथमधून. पंचासुद्धा बांधला नाही आज. कोयता उघडाच आहे हातात. लोक बाजूला होताहेत.

सुश्रुत : लागत नाही. टोनच नाही.

प्रज्ञा : खांबावर चढलाय. कोयत्यानं तार तोडतोय.

सुश्रुत : दोन्ही गेल्या. एक पण मेली, दोन पण मेली. त्याला बरोबर ठाऊक कुठली ते. दार लावा. लोखंडी कपाट आडवं घ्या, धरा इकडून. अजून. माझी बोटं, माझी बोटं अडकली. हं. घ्या.

प्रज्ञा : भिंतीवरून आला. आवारात आलाय.

बन्सी : प्रज्ञे. दार उघड.

सुश्रुत : खिडकीपासून लांब व्हा.

बन्सी : कोन हाय गं आत? गडी हाय व्हय? म्हनून एवढी बोलती हुती. उघड, न्हाईतर दोगांचंबी मटान करतो.

सुश्रुत : हे बघा, मी फक्त मशीन दुरुस्तीला...

प्रज्ञा : साहेब, मागं या.

सुश्रुत : आई गं.

प्रज्ञा : बघू. गजातून कोयता घातला त्यानं, खिडकीची काच घुसलीय. हात काढा, बघू द्या. डोळा वाचलाय. हा रुमाल दाबून धरा.

सुश्रुत : खूप आलंय का रक्त?

प्रज्ञा : खूप आलंय. दाबून धरा. साहेब, ऐका, तार तुटली तरी आतले फोन लागतात का? खोल्यांचे?

सुश्रुत : काय?

प्रज्ञा : वरच्या खोल्यांचे. नऊ खोल्या आहेत.

सुश्रुत : लागतात. मशीन बॅटरीवर आहे, आतलं बाहेरच्यावर चालत नाही.

प्रज्ञा : सगळ्या खोल्या एकदम?

सुश्रुत : ताईंच्या हक्कातून. चांदणीचं बटण दाबा, मग परवलीचा आकडा. मग नऊ. सगळीकडं एकदम वाजेल.

बन्सी : लाकूड किती दिस टिकनार, प्रज्ञे? हे बग, फाटलं. दिसतो का मी?

प्रज्ञा : तोच आकडा दाबायचा?

सुश्रुत : दुसरा कुठला आहे? दाबा, दार जातंय.

प्रज्ञा : चांदणी. एक, नऊ, पाच, सहा. नऊ.

सुश्रुत : वाजतंय. वर सगळीकडं वाजतंय. उचलताहेत. बोला.

प्रज्ञा : बायांनो, मी प्रज्ञा बोलते, खालून. काल केशरबाईंना ज्यानं तोडलं तो बन्सी ऑफिसच्या दारात आलाय. बाहेरचे फोन बंद आहेत, पोलीस येणार नाहीत. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तो चोरून ऐकत होता, ते मी नंतर सांगीन. पटलं नाही तर उद्या मला हाकला. आता दारं लावून बसू नका. एकटी-दुकटी येऊ नका. हाताला येईल ते घ्या आणि सगळ्या मिळून खाली या. दोन्ही जिन्यांनी. आक्का, तू पुढं येऊ नको. ऐकू आलं का? आक्का?

सुश्रुत : ठेवले सगळ्यांनी.

प्रज्ञा : येतील?

सुश्रुत : मला काय माहीत, मॅडम.

बन्सी : कुनाला बोलवती? कोन हाय तुमाला? नवऱ्यानं टाकलेल्या रांडा समद्या. त्या येनार व्हय माझ्या अंगावर? हात काढ कपाटाचा. काढ, न्हाईतर हात जाईल.

सुश्रुत : कपाट सरकतंय. पाय लावा भिंतीला.

प्रज्ञा : लावलाय.

बन्सी : आता कसं... ए. ए, तिकडं कुटं? व्हा मागं. मागं व्हा, कापून टाकीन.

सुश्रुत : थांबला. घाव थांबले.

प्रज्ञा : तुम्ही बघा फटीतून. माझ्यानं बघवत नाही.

सुश्रुत : आल्या. मॅडम, आल्या सगळ्या. दोन्हीकडून. कुणाच्या हातात उलथनं, कुणाकडं धुण्याचं धोपाटणं आहे. ती म्हातारी तिखटाचा डबा घेऊन आलीय. टाकलं. डोळ्यांत टाकलं त्याच्या.

बन्सी : डोळं, माझं डोळं.

सुश्रुत : एकीच्या दंडाला लागला कोयता. ती थांबत नाहीये. पाडला त्याला. कोयता सुटला हातातून. लाथ मारली त्याला कुणीतरी, लांब गेला. आता... आता नुसतं मारताहेत, मॅडम. धोपाटण्यानं. कपडे धुतात तसं.

बन्सी : प्रज्ञे. सांग ह्यांना. प्रज्ञे, दाजी हाय मी तुझा.

सुश्रुत : त्याचं तोंड ओळखू येत नाही. थांबवा त्यांना, मरेल तो.

प्रज्ञा : मरू दे.

सुश्रुत : मॅडम.

प्रज्ञा : त्याच्या हातानं माझी बहीण चार वर्षं मरत होती, तेव्हा तुम्ही नव्हता इथं थांबवा म्हणायला. मरू दे.

सुश्रुत : तुमची बहीण आली.

प्रज्ञा : कुठं आहे? काय आहे तिच्या हातात?

सुश्रुत : दगड. नाही, वरवंटा. दोन्ही हातांनी धरलाय. बाकीच्या बाजूला झाल्या. त्याच्या डोक्याशी उभी आहे. डोक्यावर उचलला.

प्रज्ञा : कपाट ओढा. ओढा, साहेब. आक्का. आक्का, इकडं बघ. त्याचं समदं बोलणं टेपवर आलंय. कालचंबी आलंय. त्याला जन्मभर आत घालता येईल, पन तू मारलास तर तू जाशील आत, आन् मी तुला जेलच्या जाळीतनं भेटायला यायची. त्याच्यापायी? टाक तो. टाक खाली, आक्का. तुझ्या पाया पडते.

सुश्रुत : टाकला.

प्रज्ञा : लागला का त्याला?

सुश्रुत : हातावर टाकला. उजव्या. बोटांवर.

प्रज्ञा : राहू दे.

सुश्रुत : ओरडतोय.

प्रज्ञा : ओरडू दे. जिवंत आहे म्हणजे. आक्का, बस तिथं पायरीवर. कुणीतरी पाणी द्या तिला. आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर फोन आहे, तिथून पोलिसांना लावा. त्याला साडीनं बांधा. दोन साड्या घ्या.

सुश्रुत : मी बसू का जरा? गरगरतंय.

प्रज्ञा : इथं बसा, माझ्या खुर्चीत. डोकं मागं टेका. पदर फाडते, बांधून देते. टाका घालावा लागेल, तीन तरी.

सुश्रुत : घरी काय सांगू? मशीन दुरुस्त करताना लागलं?

प्रज्ञा : खरं सांगा.

सुश्रुत : विश्वास नाही बसणार कुणाचा. आह. हळू. मॅडम, ती कॅसेट आधी काढा. तार जोडल्यावर, ही वायर परत फिरवायच्या आत कुणाचा फोन आला आणि होल्डवर ठेवलात, तर त्याला बासरीऐवजी हा ऐकू यायचा.

प्रज्ञा : काढली. ही माझ्याजवळ राहील. पर्समध्ये नको, पर्सला वास आहे. ब्लाउजमध्ये ठेवते.

सुश्रुत : त्यावर तुमचाही आवाज आहे. तुम्हीच त्याला डिवचलंत, असं म्हणेल त्याचा वकील.

प्रज्ञा : म्हणू दे. डिवचलंच होतं. साहेब, बायकांनी आत्ता मला पाणी आणून दिलं. बघितलंत?

सुश्रुत : बघितलं.

प्रज्ञा : काल घेत नव्हत्या.

सुश्रुत : हं. बरं, तार मी दुपारपर्यंत जोडून घेतो, ओळखीचे आहेत माझे. तोवर परवलीचा आकडा बदलू. आता तरी काही अर्थ नसलेला ठेवा. उगाच चार आकडे.

प्रज्ञा : दोन नंबर बंदच करा.

सुश्रुत : बंद? नुसता आकडा बदलला तरी चालतं. सहानंतर देवश्रीताई खोल्यांना फोन कसा लावणार मग?

प्रज्ञा : एक नंबरवर लावतील.

सुश्रुत : तो वाजेल नुसता. उचलायला कुणी नसतं सहानंतर.

प्रज्ञा : असेल. मी खालच्याच खोलीत राहते आजपासून, आक्कालाही वरून खाली आणते. घंटी वाजू द्या. मी उचलीन.